मिठाच्या बंगल्यातली मथी

बावीस वर्षं मी भुताच्या घरात नोकरी केली. सकाळी साडेनऊला कुलूप उघडायचं, संध्याकाळी साडेपाचला लावायचं, सोमवारी सुट्टी. एवढ्या वर्षांत मला तिथे भीती वाटली ती फक्त दोन गोष्टींची, वाळवीची आणि सातवी-आठवीच्या सहलींची. वाळवी निदान आवाज तरी करत नाही.

घराचं नाव कागदोपत्री लांबलचक आहे, पण ते भाईंदरमध्ये कुणाला सांगितलंत तर आयुष्यात पोचणार नाही. लोक त्याला मिठाचा बंगला म्हणतात. गोडदेव गावाच्या पुढे, खाडीच्या अंगाला, जिथे पूर्वी मिठागरं होती आणि आता टॉवर आहेत, तिथे तीन सोसायट्यांच्या मधे तो दुमजली बंगला अजून उभा आहे. मिठागरांच्या मालकाने, म्हणजे शेठने, तो बांधला. त्यांच्या शेवटच्या वारसाने तो सामानासकट एका ट्रस्टला दिला. ट्रस्टने त्याचं संग्रहालय केलं आणि मला तिथे ठेवलं. माझं पद होतं सहायक अभिरक्षक. अभिरक्षक कुणी नव्हतंच, त्यामुळे मी नेमकी कुणाला साहाय्य करत होते ते निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. गाईड मी, धूळ झटकणारी मी, चिठ्ठ्या लिहिणारी मी आणि तिकीट फाडणारा गणपत रजेवर असला की तिकीट फाडणारीही मीच.

परळच्या चाळीतून लग्न होऊन मी भाईंदर पूर्वेला आले. इतिहासाची पदवी होती, तिचा घरात कुणाला उपयोग नव्हता. संग्रहालयाचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता, तो सासूबाईंना बरीच वर्षं शिवणकामाचा वाटत होता. त्यामुळे घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर नोकरी लागली तेव्हा मी भूतबीत काही विचारलं नाही. डबा कुठे खायचा एवढंच विचारलं.

हे काम काय असतं ते थोडं सांगते, कारण माझ्या सख्ख्या भावालासुद्धा वाटायचं की मी दिवसभर खुर्चीत बसून असते. साध्या संग्रहालयात वस्तू काचेत असतात. घराचं संग्रहालय करायचं तर आलेल्याला वाटलं पाहिजे की मालक आत्ताच चपला घालून बाहेर गेलेत आणि आपण न विचारता आत शिरलोय. म्हणून शेठचा चष्मा टेबलावर उघडाच ठेवायचा, पण त्याच्यावर धूळ दिसता कामा नये. पलंगावर चादर घालायची, पण कुणाला टेकू द्यायचं नाही. टेकतात सगळे. धूळ ओल्या फडक्याने पुसायची नाही, मऊ ब्रशने झटकायची, तीही वरून खाली. दुपारी खाडीकडून वारा सुटायच्या आत पश्चिमेच्या खिडक्या लावून घ्यायच्या. लोकांना वाटतं आम्ही वस्तू सांभाळतो. आम्ही खरं तर हवा सांभाळतो.

आणि भुताचं जे काही होतं ते सगळं या हवेचंच होतं. दुपारी तीनच्या सुमाराला वरच्या मजल्यावर कुणीतरी चालतं, असं सगळे सांगत. खरंच चालल्यासारखं वाटतं. सागाच्या जुन्या फळ्या उन्हात तापतात, मग खाडीची हवा लागली की एकेक करून कुरकुरतात. दिवाणखान्यातलं दार आपोआप उघडतं, कारण बंगला एका बाजूला बोटभर खचलाय. पण खरी गर्दी व्हायची ती खालच्या मागच्या खोलीत, भिंतीपुढे.

फार पूर्वी एका वर्षी मिठाच्या गोदामाचं छप्पर उडालं, तेव्हा त्या खोलीत मीठ भरून ठेवलं होतं. पुढे मीठ गेलं, पण भिंतीने आपला वाटा ठेवून घेतला. हवा दमट झाली की भिंतीतलं मीठ पाणी ओढतं आणि ओल उमटते. हवा कोरडी झाली की तिथूनच पांढरी पूड गळते, त्याला लोणा लागणं म्हणतात. जुन्या घरांमधून हे नेहमीचं आहे. आमच्या भिंतीचं वेगळेपण एवढंच की ती ओल बाईच्या आकाराची उमटते. डोक्यावर टोपली, एक हात टोपलीला, दुसरा कमरेशी. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा दोन पावलं मागे सरले होते, खोटं कशाला बोलू.

त्या भिंतीपायी कोण कोण आलं म्हणून सांगू. पेणकरपाड्याहून एक गृहस्थ यंत्र घेऊन आले. भूत जवळ असलं की ते वाजतं म्हणाले. ते भिंतीपाशी गप्प राहिलं आणि आमच्या पाण्याच्या फिल्टरपाशी जे वाजायला लागलं ते थांबेचना. त्यांनी फिल्टरचे फोटो काढून नेले. एका जोडप्याला लग्नाआधीचे फोटो त्या भिंतीसमोर काढायचे होते, मुलाच्या आईने रिक्षातून उतरायलाच नकार दिला. एक बाई माझी नजर चुकवून कोपऱ्यात दहीभाताचा उतारा ठेवून गेल्या. भुताने त्या भाताला हात लावला नाही, मुंग्यांनी मात्र रांग धरली आणि भात संपल्यावर त्या शेठच्या गादीत शिरल्या. ती गादी निस्तरायला मला चार दिवस लागले. एक दुकानदार काका तर रोखठोकच होते. दारातच विचारलं, "मॅडम, भूत कितने बजे आता है? मेरे को चार बजे दुकान खोलना है." मी म्हटलं, भूत साडेनऊ ते साडेपाच असतं, सोमवारी त्यालाही सुट्टी.

असं मजेत चाललं होतं. मग एक दिवस मी भुताचं नाव ठेवलं.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. वस्तूशेजारी जी चिठ्ठी लावतो, तिच्यावर ठाऊक असेल तेवढंच लिहायचं. चिठ्ठी ट्रस्टचे तीन जण तपासतात. पण तोंडाने आपण जे सांगतो ते कुणीच तपासत नाही. शेठच्या पेटाऱ्यात मला एक फोटो सापडला होता. धक्क्यावर ओळीने उभ्या सात बाया, डोक्यावर मिठाच्या टोपल्या. मागे पेन्सिलीने गुजरातीत नावं होती. आमच्या बिल्डिंगमधल्या जिग्नाबेनकडून मी ती वाचून घेतली. त्यातलं तिसरं नाव, मथी धर्मा. तारीख नव्हती. फोटो काळा-पांढरा आणि कडा खाल्लेल्या, तेवढ्यावरून मी तो मनातल्या मनात इंग्रजांच्या काळात नेऊन ठेवला. चिठ्ठीवर 'काळ अज्ञात' लिहिलं, नियमाप्रमाणे.

त्यानंतर आठवडाभरात एका शाळेची सहल आली. भिंतीपाशी नेहमीप्रमाणे मी ओल, मीठ, हवा असं समजावत होते आणि पोरं जांभया देत होती. पुढच्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं, "टीचर, पण तिचं नाव काय?" मी म्हणाले, मथी. कसं ते मलाही कळलं नाही, जिभेवर आलंच. जांभया थांबल्या. "तिने काय केलं होतं?" दुसरीने विचारलं. एवढ्या वर्षांत माझ्याकडे कुणी असं टक लावून पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, मिठागरात काम करायची, एकदा ओच्यात मूठभर मीठ लपवून चालली होती, मुकादमाने पकडलं, याच खोलीत मिठाच्या राशीत कोंडलं आणि विसरून गेला. ओचा म्हणजे लुगड्याचा पुढचा घोळ हे सुद्धा मी त्यांना हाताने करून दाखवलं.

गोष्ट अगदी तयार होऊन बाहेर आली. पुढच्या सहलीला मी तीच सांगितली, जरा घोळवून, पेटाऱ्यातल्या फोटोचा दाखला देऊन आणि मथी धर्मा असं पूर्ण नाव घेऊन. त्याच्या पुढच्या रविवारी मोठ्यांना सांगितली. वर्षभरात मुकादमाला मिशा आल्या. लोक वाढले, कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ केला, तो या शहरातल्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरला, आणि रिक्षावाले मला विचारायला लागले, "मथी बंगला जाना है क्या?" ट्रस्टचे अध्यक्ष खूश. मीही खूश होते. आपण सांगितलेली गोष्ट आपल्यालाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येते, यात काय सुख आहे ते गाईडलाच कळेल.

बारा वर्षं मी ती गोष्ट सांगितली.

मग एका बुधवारी, सकाळी अकराच्या फेरीला, सहा जण होते. चार कॉलेजची मुलं, आणि एक तिशीची मुलगी तिच्या आजीला घेऊन. आजी बारीक चणीची, काठी टेकत, नऊवारी लुगडं आगरी पद्धतीने गुडघ्याशी घट्ट नेसलेली. म्हाताऱ्यांना तिकीट नाही असं गणपतने सांगितलं तरी तिने हट्टाने घ्यायला लावलं. शेठचा पलंग, चष्मा, झुंबर, कशाकडे तिने मान वळवून पाहिलं नाही. भिंतीपाशी मात्र खुर्ची मागितली आणि बसून माझी गोष्ट नीट ऐकली. मुलं फोटो काढून गेली. ती बसूनच राहिली.

"ती मथी कंच्या गावची?" तिने विचारलं.

"गोडदेवची असेल," मी म्हणाले. "जवळचं गाव तेच."

"आन धर्मा कोन?"

"वडील असतील. तेव्हा बापाचं नाव लावायचे."

"धर्मा माजा बाप," ती म्हणाली. "मथी मी."

पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते मी त्या दिवशी अनुभवलं, आणि त्या बंगल्यात जमीन मुळात खचलेली होती. मी नातीकडे पाहिलं. तिचं नाव वैशाली, एका बँकेत काम करते. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, आजीला तो फोटो दाखवाल का?"

मी धावत जाऊन आणला. म्हातारीने तो डोळ्यांशी नेला, मग लांब धरला, आणि तिसऱ्या बाईवर नव्हे तर कोपऱ्यात बोट ठेवलं. "यो खांब बघ. लायटीचा. यो उबा केला त्या साली माजं लगीन ठरलं." खांब होता. बारा वर्षं मी त्या फोटोवरची धूळ झटकत होते आणि मला खांब दिसला नव्हता. इंग्रज जाऊन बरीच वर्षं झाल्यावर गोडदेवकडे वीज आली, हे शहरातला कुणीही म्हातारा सांगू शकला असता. रोज रिक्षाने मी गोडदेववरून जात होते. एकदाही उतरून विचारलं नाही.

मी माफी मागायला लागले. तुम्ही हयात आहात हे माहीत असतं तर तुम्हाला मेलेलं दाखवलं नसतं, असलं काहीतरी बोलत होते. तिने हात वर करून थांबवलं.

"मेली म्हन्तंस त्याचं मना काय न्हाय," ती म्हणाली. "मेल्याची आवई उठली का आविष्य वाडतं म्हन्तात. बारा वरसं तू मना मारतंस, तवाच मी अजून चालते-फिरते हाय. पन तू मना चोर कशाला केलंस?"

गोष्टीला काहीतरी कारण हवं होतं म्हणून, हे उत्तर तिच्यासमोर देणं शक्य नव्हतं.

मग तिने मला सांगितलं, आणि हे मी नीट लिहिते, कारण हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. संध्याकाळी काम सुटलं की मिठागरावरची प्रत्येक बाई ओच्यात मूठभर मीठ बांधून घरी न्यायची. मुकादमाच्या समोरून. त्याला विचारायचं नाही आणि त्याने पाहायचं नाही, अशी रीत होती. शेठला ठाऊक, शेठच्या बापाला ठाऊक. "उन्हान पाय फुटायचे ते आमचे," ती म्हणाली. "त्या मिठावर आमचा हक. गोडदेवान तवा कुनाचे घरा इकतचं मीठ आलंय, यक घर दाखव मना." मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाताना आई तिच्या ओच्यात असंच मीठ बांधायची. तू माहेरहून रिकाम्या हाताने आली नाहीस, हे सासरला कळावं म्हणून. आणि मी, पिशवीतलं मीठ वाण्याकडून आणणारी परळची मुलगी, मी त्या मिठाची चोरी करून टाकली होती.

वैशालीने बाकीचं सांगितलं. व्हिडिओ त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा सगळे आधी हसले. मग संध्याकाळी खाली बाकावर बसणाऱ्या बायका गमतीने विचारायला लागल्या, "मथी आजी, आज ओच्यात काय लपवलंय?" दोन-तीनदा तीही हसली. मग तिने खाली बसायला जाणं सोडलं. दवाखान्यात नर्सने नाव पुकारलं की लोक वळून बघतात म्हणून नातीला सांगायची, माझं नाव मथुरा लिही, मथी नको. जिने उभ्या जन्मात कुणाचं काही उचललं नाही तिला सत्तरी उलटल्यावर स्वतःचं नाव लपवावं लागत होतं, आणि ते माझ्यामुळे.

मी म्हणाले, व्हिडिओ काढून टाकायला सांगते, नवी चिठ्ठी लिहिते. ती मान हलवत राहिली. "चिट्टी मना वाचता येत न्हाय. जिथं उबी ऱ्हाऊन सांगितलंस, तिथंच उबी ऱ्हा आन सांग. लोकांच्या म्होरं. मी हाय तवर सांग. मी खरीच मेल्यावर कोन येनार हाय सांगाला?"

मी रविवार ठरवला. अध्यक्षांना फोन करून कळवलं, कारण न कळवता केलं असतं तर गोष्ट आणखी बिघडली असती. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, पण गर्दीवर त्यांचा जीव होता. "मॅडम, लोक भुतासाठी येतात, इतिहासासाठी नाही," ते म्हणाले. "थोडं अॅडजस्ट करा ना. पुढे 'असं म्हणतात' लावा." 'असं म्हणतात' ही आमच्या धंद्यातली पळवाट आहे. हे दोन शब्द पुढे लावले की काहीही खपतं आणि जबाबदारी कुणाचीच राहत नाही. मी त्यांना म्हणाले, असं कुणी म्हणत नव्हतं साहेब, मी म्हणत होते. शेवटी ते म्हणाले, "बघा बाई, तुमचं तुम्ही." माझ्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि नोकरी दरवर्षी नव्याने मिळणारी होती. पण खरं सांगते, मला अध्यक्षांची धास्ती नव्हती. मला लाज वाटत होती ती त्या खुर्चीतल्या बाईची.

रविवारी सकाळच्या फेरीला पन्नासेक माणसं होती. मीरा रोडहून एक महिला मंडळ आलं होतं, दोन-तीन कुटुंबं, नेहमीचे मोबाइलवाले. आणि वैशाली टेम्पो करून गोडदेवच्या सात-आठ म्हाताऱ्या घेऊन आली होती. सगळ्या त्याच पद्धतीने लुगडं नेसलेल्या. त्या मागच्या भिंतीला ओळीने बसल्या. मथीबाय मधे, खुर्चीत.

मी भिंतीपुढे उभी राहिले. मी आधी लोकांना ती गोष्ट सांगितली, जशी नेहमी सांगायची तशी, मिशांसकट. लोक रंगले. मग म्हणाले, "हे सगळं मी रचलेलं आहे. मथी धर्मा नावाच्या बाई या गावच्या आहेत, त्या हयात आहेत, आणि मीठ त्यांच्या हक्काचं होतं." ती रीत मी समजावून सांगितली, मुकादमाने न पाहण्याची, लेकीच्या ओच्यात बांधायच्या मिठाची. शेवटी म्हणाले, "त्यांनी काही चोरलं नाही. या घरातून न विचारता काही उचललं असेल तर ते मी. त्यांचं नाव."

महिला मंडळातल्या एक बाई डोळे पुसत होत्या. मग मागून एका माणसाने जरा नाराजीनेच विचारलं, "मतलब भूत नहीं है क्या?"

मी काही म्हणायच्या आत मथीबाय काठीवर जोर देऊन उठली. "हाय की," ती म्हणाली. "मी हाय ना." मग माझ्याकडे वळली. "भूत ऱ्हाव दे गो. पोरांना मजा येते. चोर तेवरा काड."

गोडदेवच्या म्हाताऱ्या इतक्या हसल्या की वरच्या मजल्यावरून गणपत धावत खाली आला. महिला मंडळाने मथीबायबरोबर फोटो काढून घेतले. तो नाराज माणूसही रांगेत उभा राहिला.

त्यानंतरची तीन वर्षं माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली. हिवाळाभर मथीबाय महिन्यातून एकदा यायची. आम्ही व्हरांड्यात बसायचो आणि ती माझ्या चिठ्ठ्या खोडायला लावायची. मिठागरावर वापरायच्या ज्या लाकडी अवजाराला मी 'वल्हं' अशी चिठ्ठी लावली होती ते मीठ ओढायचं निघालं. फोटोतल्या बाकी सहा जणींची माहेरं-सासरं, कोण कशाने गेली, कुणाचा आवाज चांगला होता, हे सगळं मी तिच्याकडून लिहून घेतलं. सहाही गेल्या होत्या. शेवटची माझी नोकरी लागल्यावर चार वर्षांनी गेली, पेणकरपाड्यात. मी तेव्हाच रिक्षातून उतरले असते तर तीही भेटली असती. या कामातली माझी एकच खंत आहे आणि ती ही. वस्तूंची मी नको इतकी काळजी घेतली, आणि त्या वापरलेली माणसं दोन स्टॉपवर राहत होती.

मथीबाय संध्याकाळी पुन्हा बाकावर जाऊन बसायला लागली होती. बायकांनी ओच्यात काय आहे विचारलं की म्हणायची, मीठ हाय, लागतंय का. हे मला वैशालीने सांगितलं.

मी निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी मथीबाय गेली. सकाळी चहा पिऊन आडवी झाली ती उठलीच नाही. या वेळची बातमी खरी होती. मी दहाव्याला गेले तेव्हा वैशालीने गळ्यात पडून विचारलं, "मॅडम, आता तिथे काय सांगत असतील हो?" माझ्या जागी आलेला मुलगा वर्षभरात सोडून गेला होता, त्याच्यानंतर कोण आलं ते मला ठाऊक नव्हतं. नवी चिठ्ठी मी लावली होती, पण चिठ्ठ्या कोण वाचतं. आणि गोष्टीतला चोर हा फार लवकर परत येणारा प्राणी आहे. माणूस मेलं की तर त्याला अडवायलाही कुणी नसतं.

म्हणून गेल्या महिन्यात मी जिग्नाबेनना घेऊन बंगल्यात गेले. रीतसर तिकीट काढलं. गणपतही निवृत्त झालाय, त्यामुळे मला कुणी ओळखलं नाही. गाईड एक पंचविशीची मुलगी होती, कानात मोठे झुमके, चटपटीत. मराठी आणि हिंदी दोन्हीत सांगत होती. शेठच्या पलंगावर एक काका टेकले, त्यांना तिने अशा गोड शब्दांत उठवलं की ते मला कधी जमलं नव्हतं. पश्चिमेच्या खिडक्या वेळेत लावलेल्या होत्या. चष्म्यावर धूळ नव्हती.

मग भिंत आली. त्या दिवशी हवा दमट होती आणि बाई स्पष्ट उमटली होती. मुलीने आवाज खाली आणला. ही मथी, म्हणाली, इथल्या मिठागरावर कामाला होती, आणि दुपारी तीन वाजता वरच्या मजल्यावर तिचे पैंजण वाजतात. मथीबायने मिठागरावर उभ्या जन्मात पैंजण घातले नव्हते, पण मी म्हटलं, जाऊ दे, एवढं चालतं. "आणि नीट बघा," मुलगी म्हणाली, "हा हात कमरेशी आहे ना, तो ओचा धरलाय. ओच्यात मूठभर मीठ आहे."

मी जिग्नाबेनचा हात इतका घट्ट धरला की त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

पुढे उभ्या असलेल्या एका माणसाने विचारलं, "चोरी करके ले जाती थी?"

"नहीं सर," ती मुलगी म्हणाली, दाराची उंची सांगावी इतक्या सहज. "उसका ही था." आणि आम्हाला घेऊन ती पुढच्या खोलीकडे वळली.